मायनर म्हणून समुपदेशन घ्यावं का?

दोन_डब्यांची_गाडी
नव्या शैक्षणिक धोरणात पदवीला मेजरच्या (मुख्य विषयाच्या) जोडीला मायनर, म्हणजे दुय्यम विषय निवडावा लागतो. अर्थशास्त्र मेजर असलेल्या एका विद्यार्थिनीपुढे तीन पर्याय आहेत: राज्यशास्त्र, मानसशास्त्र आणि 'समुपदेशन व मानवसेवा'. तिचा ओढा तिसऱ्याकडे आहे. यात नक्की काय शिकवतात? एवढ्यावर समुपदेशक म्हणून काम करता येतं का? पुढे एम.ए. किंवा एम.एस.डब्ल्यू.ला (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीला) काही फायदा होतो का? माहितीपत्रकात 'उज्ज्वल संधी' याच्यापलीकडे एक अक्षर नाही. पुढच्या आठवड्यात पर्याय भरायचा आहे. जाणकारांनी लिहावं.

निमूट
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही.

चहाटळ
असं कसं नाही? प्रवेशाच्या खिडकीवर कट-ऑफ सांगणारा समुपदेशक, कर्जाचे हप्ते थकल्यावर फोन करणाराही हल्ली समुपदेशक, आणि लग्नाळू मुलाला 'आता फार चिकित्सा करू नकोस' म्हणणारी मावशी तर जन्मजात समुपदेशक. पदवी लागतेच कुठे?

खडूफळा
चहाटळ, हसू आलं, पण घोटाळा तिथेच आहे. असो, आधी हिशेब.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्सला किमान १६० श्रेयांक (क्रेडिट) आहेत. त्यात मायनरला तीन वर्षांत २४, चार वर्षांत ३२. विद्यापीठागणिक हा आकडा थोडा खाली-वर होतो, तेव्हा आपल्या विद्यापीठाचा तक्ता समोर ठेवा.

आता खरी गंमत. एक श्रेयांक म्हणजे सत्रात १५ तास व्याख्यान किंवा ३० तास प्रात्यक्षिक. चार श्रेयांकांचा पेपर निव्वळ लेखी असेल तर ६० तासांत संपतो. दोन लेखी आणि दोन प्रात्यक्षिक असतील तर ३० अधिक ६०, म्हणजे ९० तास. गुणपत्रिकेवर दोन्हीकडे 'चार'च छापून येतं. अर्थशास्त्रात याने फारसं बिघडत नाही, समुपदेशनात सगळं बिघडतं. २४ पैकी ८ श्रेयांक प्रात्यक्षिकाचे असतील तर २४० तास सराव होतो, दोनच असतील तर ६०. त्यामुळे विषयाचं नाव बघू नका, तक्त्यातला 'प्रात्यक्षिक' हा रकाना बघा.

पेपर साधारण असे असतात: मानसशास्त्राची ओळख, मानवी विकासाचे टप्पे, समुपदेशनाची प्रक्रिया, संवादकौशल्यं, समूहकार्य, कल्याणकारी योजना आणि कायदे, व्यावसायिक नीती, शेवटी क्षेत्रकार्य (संस्थेत किंवा वस्तीत जाऊन करायचं काम). क्रम कॉलेजनुसार बदलतो. मात्र कौशल्यांच्या आधी क्षेत्रकार्य लावलं असेल तर सावध व्हा. तिथे मुलं संस्थेत जाऊन रजिस्टरं भरत बसतात.

उंबरठा
खडूफळा यांना +१. त्या प्रात्यक्षिकात काय व्हायला हवं ते लिहिते.

मूळ घटक म्हणजे त्रिकूट: बोलणारा, ऐकणारा, निरीक्षक. १५ मिनिटं संवाद. मग पाच मिनिटं ऐकणाऱ्याने स्वतःचं काय चुकलं-जमलं ते सांगायचं, पाच बोलणाऱ्याने, पाच निरीक्षकाने. क्रम हाच ठेवायचा, कारण निरीक्षक आधी बोलला की ऐकणारा बचावाला उभा राहतो. नंतर जागा बदलायच्या. तीन फेऱ्या म्हणजे बरोबर दीड तास.

बोलणाऱ्याने नाटक करायचं नाही, हे पहिल्या दिवशी बजावावं लागतं. मुलांना घटस्फोट, मृत्यू, कर्जबाजारी बाप असले विषय सुचतात. बोलणारा कथा रचत असेल तर ऐकणाऱ्याच्या प्रतिसादाचा परिणाम कशावरच दिसत नाही. त्याऐवजी खरा पण छोटा विषय घ्यायचा: खोलीतली मैत्रीण भांडी घासत नाही, सादरीकरणाची धास्ती वाटते, भावाला नवा फोन मिळाला आणि मला नाही. खोल जखमा सरावाला आणायच्या नाहीत.

दर पंधरवड्याला एका संवादाचं शब्दशः टिपण लिहायचं. परवानगी घेऊन ध्वनिमुद्रण, त्यातली दहा मिनिटं कागदावर, चार रकाने: समोरची व्यक्ती काय म्हणाली, मी काय म्हणालो, त्यात मी कोणतं कौशल्य वापरलं, त्याऐवजी काय म्हणता आलं असतं. दहा मिनिटांना तासभर सहज जातो. टिपण तपासून झालं की मुद्रण पुसायचं आणि पुसल्याची नोंद वहीत करायची.

नेहमीच्या चुका तीन. एक, प्रश्नांचा भडिमार. दोन, तिसऱ्या मिनिटाला सल्ला. आणि तिसरी 'का'. मराठीत 'मग तू तिला का नाही सांगितलंस?' हा प्रश्न राहत नाही, आरोप होतो. 'ते सांगताना काय अडलं?' म्हटलं की तीच माहिती मिळते आणि माणूस आक्रसत नाही.

रोखठोक
वाचायला छान. प्रत्यक्षात किती ठिकाणी होतं? मायनरमधून अर्धवट शिकलेले लोक तयार होतात आणि सहा महिन्यांत इन्स्टाग्रामवर 'माइंडसेट कोच'ची पाटी लागते. त्यापेक्षा सरळ मानसशास्त्र मायनर घ्यावं. संख्याशास्त्र, संशोधनपद्धती, मनोविकृतीशास्त्र यांचा पाया तरी मिळतो. एम.ए. मानसशास्त्राच्या प्रवेशात मानसशास्त्राचेच श्रेयांक मोजतात. 'मानवसेवा' नावाचे धरतील की नाही ते त्या त्या विद्यापीठाच्या मर्जीवर.

नोंदवही
रोखठोक यांचा पहिला मुद्दा टोकाचा, दुसरा बिनचूक. त्यात भर घालतो.

'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' ही बिरुदावली कुणीही लावायची नसते. १९९२ च्या कायद्याखालच्या भारतीय पुनर्वास परिषदेचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आणि केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव, दोन्ही लागतं. पदवीच्या मायनरचा त्याच्याशी संबंध नाही. दुसरा कायदा २०२१ चा, राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा. त्याच्या वर्तनविषयक आरोग्याच्या गटात मानसशास्त्रज्ञ, आरोग्य समुपदेशक, वैद्यकीय आणि मनोसामाजिक क्षेत्रातले समाजकार्यकर्ते, एचआयव्ही आणि कुटुंबनियोजन समुपदेशक अशी नावं आहेत. म्हणजे हे क्षेत्र हळूहळू नोंदणीच्या चौकटीत येतंय. आज पाटी लावणाऱ्याला उद्या कागद विचारले जातील.

एक जुना सल्ला आता बाद समजा: 'कुठलीही पदवी घे, मग नोकरी करत दूरशिक्षणातून एम.ए. सायकॉलॉजी कर.' या आयोगाच्या कक्षेतले अभ्यासक्रम, मानसशास्त्रासकट, जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने द्यायला यूजीसीने मनाई केली आहे.

एम.एस.डब्ल्यू.ला साधारणपणे कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो. तिथे हे मायनर मुलाखतीत आणि पहिल्या सत्रात कामाला येतं, कारण क्षेत्रकार्याचा अहवाल म्हणजे काय, आयसी-जीसी म्हणजे काय (मार्गदर्शकाबरोबरची एकट्याची आणि गटाची बैठक) हे आधीच माहीत असतं. ज्यांना शाळेत शिक्षक व्हायचंय त्यांनी एनसीईआरटीची मार्गदर्शन व समुपदेशनाची पदविका बघावी. तिची रचना सहा महिने दूरस्थ, तीन महिने प्रत्यक्ष आणि तीन महिने इंटर्नशिप अशी आहे.

तळ्यात_मळ्यात
अवांतर: क्लायंटला मराठीत काय म्हणायचं? 'अशील' म्हटलं की कोर्ट आठवतं, 'रुग्ण' चूक, 'लाभार्थी' म्हटलं की रेशनची रांग डोळ्यांपुढे येते.

चहाटळ
'गिऱ्हाईक'.

उंबरठा
चहाटळ, नको. पाठ्यपुस्तकात 'समुपदेशनार्थी' असतं, ते तोंडात बसत नाही. अहवालात 'व्यक्ती' किंवा नावाऐवजी संकेताक्षर लिहावं. वर्गात सगळे 'क्लायंट'च म्हणतात.

शब्दवेल्हाळ
शब्दांचा विषय निघालाच आहे तर या अभ्यासातली मराठीची खास मेख सांगायला हवी. अभ्यासक्रम इंग्रजी पुस्तकांवरून बेतलेला असतो आणि हे त्यात सापडत नाही.

विवेकनिष्ठ पद्धतीत, म्हणजे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या आणि आपल्याकडे कि. मो. फडके यांनी रुजवलेल्या पद्धतीत, घटना, त्याविषयीचा विचार आणि त्यातून आलेली भावना हे तीन वेगळे करावे लागतात. मराठीत 'वाटणं' हे क्रियापद विचारालाही चालतं आणि भावनेलाही. 'मला वाटतं तो मला टाळतो' हा विचार. 'मला एकटं वाटतं' ही भावना. विद्यार्थी विचारतो, 'तुम्हाला काय वाटतं?' समोरून मत येतं आणि विद्यार्थी ते भावनेच्या रकान्यात लिहून मोकळा होतो. पुढचं सगळं कोष्टक गडबडतं.

ओळखायची खूण सोपी: 'वाटतं' नंतर 'की' घालता आला तर बहुधा विचार. 'मला वाटतं (की) तो टाळतो.' 'मला एकटं वाटतं' मध्ये 'की' घुसत नाही. 'भीती वाटते की ती सोडून जाईल' या वाक्यात दोन्ही आहेत, ते तोडायचं: भावना भीती, विचार 'ती सोडून जाईल'.

दुसरी मेख 'टेन्शन'. या एका शब्दाने दडपण, धास्ती, घालमेल, चुटपुट, हुरहूर सगळी गिळली आहेत. परीक्षेचं दडपण आणि बोललेल्या शब्दाची चुटपुट यांवरचा उपाय एक नसतो. 'टेन्शन म्हणजे नक्की कसं होतं?' एवढं विचारून गप्प बसायचं. उत्तर पुष्कळदा शरीरातून येतं: पोटात गोळा येतो, छातीत धडधडतं, हातपाय गळतात. ते जसंच्या तसं लिहायचं, 'अँग्झायटी' असं भाषांतर करायचं नाही. छातीत दुखतंय म्हणाले तर आधी डॉक्टर.

आडवाटेने
शब्दवेल्हाळ, 'की'ची खूण एका ठिकाणी फसते. 'मला अपमानित वाटलं.' 'की' बसत नाही, तरी आत निष्कर्ष दडलाय: त्याने माझा अपमान केला. 'हलकं लेखल्यासारखं वाटलं' यात निदान '-सारखं' चुगली करतं. अशा वेळी 'तसं वाटलं तेव्हा राग जास्त होता की वाईट वाटणं?' असं विचारलं की खालची भावना वर येते.

शब्दवेल्हाळ
मान्य. म्हणूनच 'बहुधा' लिहिलं होतं. :)

तळ्यात_मळ्यात
आणि तू-तुम्हीचं काय? इंग्रजीवाले सुटले.

पायवाट
पहिल्या भेटीत सरळ विचारायचं: 'मी तुम्हाला काय म्हणू?' वस्तीत काम असेल तर काकू, मावशी, विदर्भात भाऊ हे ओघानेच येतं आणि नाकारलं तर शिष्टपणा दिसतो. मात्र तुम्ही 'ताई' झालात की रात्री अकराला फोन येतो, 'ताई, तुम्हीच त्यांना समजवा.' त्यामुळे नातं नावापुरतं राहू द्यायचं आणि वेळा पहिल्याच दिवशी ठरवायच्या. संस्थेचा नंबर द्यायचा, स्वतःचा नाही. शाळकरी मुलांना 'तू' चालतं, पण सतरा-अठराच्या मुलाला 'तू' चालेल का ते विचारा, खूप फरक पडतो.

मानवसेवेची दुसरी बाजू कुणी लिहिली नाही, म्हणून लिहितो. ऐकणं हा अर्धा भाग. उरलेला अर्धा म्हणजे माणसाला योग्य दारापर्यंत नेणं, आणि अर्थशास्त्रवालीला इथे जास्त वाव आहे. मारहाण होणारी बाई आली तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातला संरक्षण अधिकारी काय करतो, घटनेचा अहवाल कोण भरतो, वन स्टॉप सेंटर (पीडित स्त्रियांना एकाच ठिकाणी मदत देणारं सरकारी केंद्र) कुठे आहे, हे माहीत हवं. १९८४ साली मुंबई पोलीस आणि टाटा समाजविज्ञान संस्थेने सुरू केलेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष पोलीस यंत्रणेतच बसून काम करतो, हे मुलांना दाखवायला न्यावं. मोफत वकील हवा तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया आणि मुलांना उत्पन्नाची अट लागत नाही, ही गोष्ट पुष्कळ कार्यकर्त्यांनाही ठाऊक नसते. काळजी-संरक्षणाची गरज असलेलं मूल सापडलं तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन, आणि २४ तासांच्या आत (प्रवासाचा वेळ सोडून) बालकल्याण समितीसमोर.

पत्ता लिहून देणं म्हणजे रेफरल (योग्य ठिकाणी पाठवणं) नव्हे. आधी फोन करून कुठल्या दिवशी, किती वाजता, कोणाला भेटायचं ते नक्की करायचं. कोणते कागद लागतात ते विचारायचं: निराधार योजनेसाठी तहसीलला उत्पन्नाचा आणि रहिवासाचा दाखला नसेल तर माणूस दिवसाची मजुरी बुडवून हात हलवत परत येतो आणि पुन्हा जात नाही. चिठ्ठीत चार ओळी पुरतात: नाव, कशासाठी पाठवलं, आतापर्यंत काय झालं, परत कळवायचा नंबर. खासगी तपशील चिठ्ठीत नको, ती बंद पाकिटात असली तरी वाटेत तिघं वाचतात. आठवड्याने 'पोचलात का?' असा फोन. हा शेवटचा फोनच राहून जातो.

कलमबहाद्दर
कायद्याचा विषय निघाला म्हणून. 'इथलं काहीही बाहेर जाणार नाही' हे वाक्य पहिल्या तासालाच खोडून टाका. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या) कलम १९ प्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा होण्याची भीती दिसली, तर पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं कुणावरही बंधनकारक आहे. समुपदेशकाला सूट नाही, प्रशिक्षणार्थीलाही नाही. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. सतरा वर्षांच्या दोघांचं 'राजीखुशीचं' प्रकरणही यात येतं, कारण कायदा वय बघतो. म्हणून सुरुवातीचं वाक्य असं हवं: 'तुझं बोलणं मी इतरांना सांगणार नाही. पण तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा लहान मुलावर अत्याचार होत असेल, तर मला सांगावं लागेल, आणि सांगण्याआधी मी तुला कळवीन.' हे बोलायला वीस सेकंद लागतात. नंतर सांगितलं तर विश्वासघात वाटतो.

उंबरठा
याला जोडून आत्महत्येचा प्रश्न. मुलं तो टाळतात, विचारल्याने डोक्यात येईल म्हणून. सरळ विचारल्याने विचार पेरला जात नाही. चूक असते ती वाक्यात: 'वेडंवाकडं काही करणार नाहीस ना?' या प्रश्नात 'नाही' हे उत्तर आपणच भरवतो. 'जीव द्यावासा वाटतो का?' असं स्वच्छ विचारायचं. 'हो' आलं तर कसं ठरवलंय, साधन जवळ आहे का, कधी, आणि आत्ता घरी सोबत कोण आहे हे विचारायचं. एकटं सोडायचं नाही, आणि मार्गदर्शकाला त्याच तासात कळवायचं. विद्यार्थ्याने हे एकट्याच्या खांद्यावर घ्यायचं नसतं. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन (१४४१६) चोवीस तास असते, मराठीतही बोलतात. तातडी असेल तर ११२ किंवा जवळचं रुग्णालय.

पलीकडचा_तीर
अमेरिकेतली बाजू, कारण 'ह्यूमन सर्व्हिसेस' हे नाव तिथलंच. तिथे हे मायनर साधारण १५ ते २१ क्रेडिटचं असतं आणि रोख केस मॅनेजमेंटवर: प्राथमिक नोंद, गरजांची पाहणी, सेवांची जुळणी, पाठपुरावा. पदवीवर नोकऱ्या मिळतात त्या या कामाच्या. परवानाधारक समुपदेशक व्हायला मास्टर्स लागतं. केकरेप (समुपदेशनाच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी तिथली संस्था) मान्यतेचे अभ्यासक्रम ६० सेमिस्टर क्रेडिटचे, त्यात १०० तास प्रॅक्टिकम, म्हणजे देखरेखीखालचा सराव (४० थेट क्लायंटबरोबर) आणि ६०० तास इंटर्नशिप (२४० थेट). परवाना राज्यागणिक वेगळा. भारतातून अर्ज करायचा असेल तर गुणपत्रिकेवर 'मायनर' हा शब्द छापून येतोय ना बघा, आणि प्रत्येक पेपरचा अभ्यासक्रम तासांसकट शिक्का मारून आत्ताच घेऊन ठेवा. चार वर्षांनी तो कुणालाच सापडत नाही.

रोखठोक
६०० तास. आणि आपल्याकडे ६०. माझा मुद्दा हाच.

खडूफळा
पदवीच्या मायनरची तुलना मास्टर्सशी कशाला? बँकेत, मनुष्यबळ विभागात, बचतगटात, वकिलीत जाणारी मुलगी समोरच्याचं पुरतं ऐकून घ्यायला शिकली आणि कुठे पाठवायचं हे तिला कळलं तर मायनरने आपलं काम केलं. ती समुपदेशक होणार नाही. तसं कॉलेजने मुलांना स्वच्छ सांगितलं पाहिजे, ते सांगत नाहीत, यावर रोखठोक यांच्याशी सहमत.

दोन_डब्यांची_गाडी
सर्वांचे आभार, वाचनखूण साठवली. कॉलेजात विचारून आलेली माहिती: मायनरचे २४ श्रेयांक, त्यात प्रात्यक्षिकाचे ६. क्षेत्रकार्य पाचव्या सत्रात, आठवड्यातून एक दिवस. कौशल्यांचा पेपर तिसऱ्या सत्रात. लॅबची तुकडी ६० मुलांची, शिक्षक एक, तास दीड तासाचा. आता काय?

उंबरठा
क्रम बरोबर आहे, १८० तास वाईट नाहीत. पण ६० मुलं म्हणजे २० त्रिकुटं. ९० मिनिटांत एका शिक्षिकेच्या वाट्याला एका त्रिकुटामागे साडेचार मिनिटं येतात. त्यात दारातून डोकावणं होतं, देखरेख नाही. विभागात एकच गोष्ट विचारा: तुकडी वीस-वीसची करणार का? आणि शब्दशः टिपणं कोण तपासतं?

रोखठोक
'नाही' म्हणाले तर मानसशास्त्र घ्या. 'हो' म्हणाले तर वेळापत्रकात छापून आलंय का ते बघा.

दोन_डब्यांची_गाडी
विचारलं. 'तीन तुकड्या करायचा विचार आहे' असं उत्तर मिळालं. वेळापत्रकात एकच तुकडी आहे.

निमूट
मानसशास्त्र.

पायवाट
+१. संरक्षण अधिकारी आणि विधी सेवा प्राधिकरण तिला तसंही बघता येईल. सामाजिक सहभागाचे दोन श्रेयांक असतील तर ६० तास होतात, ते तिथे लावा. महाविद्यालयाचं पत्र आधी लागतं, सत्र सुरू व्हायच्या आतच घ्या.